अभ्यासिकेतल्या खुर्च्यांची परीक्षा

आमच्या अभ्यासिकेत आग लागली तेव्हा भर दुपार होती आणि आतल्या जवळजवळ सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या.

नारायण पेठेतला हा तळमजल्यावरचा हॉल म्हणजे पूर्वी आमच्या ह्यांचा छापखाना. छपाईचं काम आटत गेलं, यंत्रं विकली, आणि मी कॉलेजच्या परीक्षा विभागातून निवृत्त झाले त्या सुमाराला आम्ही तिथे अभ्यासिका काढली. स्पर्धा परीक्षांची तयारी करायला विदर्भातून, मराठवाड्यातून मुलंमुली येतात. एकेका खोलीत चौघं-पाच जण राहतात, तिथे वाचायला जागा कुठली? त्यांना एक टेबल, एक दिवा आणि दिवसभर बसवेल अशी खुर्ची लागते. खुर्च्या मीच निवडल्या होत्या, दुकानात एकेकीवर बसून. गादी मऊ, पाठीला आधार, रंग निळा. खुर्चीत आणखी काय बघायचं असतं?

त्या दुपारी एका मुलाने शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पॉवर बँक चार्जिंगला लावली होती आणि वर आपली सॅक ठेवली होती. आधी वास आला, प्लॅस्टिक तापल्यासारखा. मी दाराजवळच्या माझ्या टेबलावरून मान वर केली तर सॅकखालून धूर निघत होता. मी उठून तिथपर्यंत पोचेतो गादीने पेट घेतला होता. चुलीवर तापलेलं तेल भडकावं तशी ती भडकली. काळा, जाड, घशाला ओरबाडणारा धूर छताला लागला आणि तिथून खाली उतरू लागला. खुर्च्या पडल्या, पुस्तकं पडली, कुणीतरी "मेन बंद करा, मेन!" असं ओरडलं. मी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उतरवलं खरं, पण त्याची पिन काही माझ्या हातून निघेना.

तेवढ्यात वर्ध्याकडची एक मुलगी पुढे झाली. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येणारी, कुणाशी फारसं न बोलणारी. तिने ती जळती खुर्ची खालच्या पायांना धरून दारापर्यंत फरफटत नेली आणि गल्लीत ढकलून दिली. वितळलेल्या फोमचा एक थेंब तिच्या अंगठ्याजवळ पडला, तरी तिने पकड सोडली नाही. गल्लीत माझी पिन एकदाची निघाली आणि मी पावडर मारली.

अग्निशमनचे जवान आले तोवर विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ त्या काळ्या सांगाड्याभोवती फिरले आणि मला म्हणाले, "ताई, एकच पेटली म्हणून वाचलात. शेजारच्या खुर्चीने धरलं असतं तर धुरात दार सापडलं नसतं पोरांना."

त्या मुलीला घेऊन मी दवाखान्यात गेले. डॉक्टर मलम लावत होते तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. मला म्हणाली, "काकू, पुस्तकं तर नाही ना जळली कोणाची?"

घरी आल्यावर ह्यांनी निकाल देऊन टाकला. "बास झालं. अभ्यासिका बंद. छापखान्यात उभा जन्म कागद, शाई आणि रॉकेल सांभाळलं, एक ठिणगी पडू दिली नाही. आता म्हातारपणी तुझ्या निळ्या गाद्यांपायी तुरुंगात जायचं नाही मला."

मलाही तेव्हा तेच बरोबर वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलची काजळी पुसत होते तर ती मुलगी दारात उभी. हाताला पट्टी, खांद्याला सॅक.

"कधी उघडता जी काकू?"

"अगं, काय झालं ते पाहिलंस ना तू?"

"पाहिलं ना. पण पेपर जवळ आला. खोलीवर पाच जणी आहोत आम्ही, तिथं अभ्यास होऊन नाही राहिला."

हे मागे उभे होते. म्हणाले, "उघडायचंच तर लाकडी बाकं टाक. शाळेत आम्ही बाकांवर बसूनच शिकलो. लाकूड काही असं भसकन पेटत नाही."

तिने ह्यांच्याकडे वळून अगदी नम्रपणे विचारलं, "काका, तुम्ही सकाळी सातपासून रात्रीपर्यंत बाकावर बसत होते का?"

ह्यांनी बाकांचा विषय सोडला आणि माझ्या हातातलं फडकं घेतलं.

आठवड्याभरात आम्ही हॉल उघडला. निळ्या खुर्च्या काढून मांडववाल्याकडून लोखंडी घडीच्या खुर्च्या आणल्या. गादी नाही, फोम नाही, प्रश्न मिटला असं मला वाटलं. तर दुसऱ्या दिवशी एकेक जण काखेत उशी घेऊन यायला लागला. कुणी सोफ्याची, कुणी झोपायची, कुणी तुळशीबागेतून आणलेली चकचकीत सॅटिनची. तासन् तास बसणाऱ्या माणसाला मऊ काहीतरी लागणारच, ते मी दिलं नाही तर तो स्वतः आणणार. त्या उशा बघता बघता माझं ठरलं. गादी राहणार. पण अशी, की जी ठिणगी पडल्यावर मुलांना बाहेर पडायला वेळ देईल. तशी खुर्ची कुठेतरी मिळतच असली पाहिजे.

दरम्यान हातातलं होतं ते केलं. भिंतीला लोखंडी फडताळ ठोकून घेतलं आणि चार्जिंग फक्त तिथेच, असा नियम केला. ह्यांनी स्वतःहून छापखान्याचं मागचं दार मोकळं केलं. कागदाच्या कपाटांमागे ते कित्येक वर्षं बंद पडलं होतं. कडीला तेल घालताना म्हणाले, "तुझ्यासाठी नाही करत. पोरांसाठी करतोय."

मग मी दुकानं पालथी घालायला सुरुवात केली. पहिल्याच दुकानात विचारलं, "या खुर्चीची आगीची चाचणी झाली आहे का?"

मालकांनी पेपरातून डोकं वर केलं. "आजी, खुर्ची बसायला असते. पेटवायचीच असेल तर होळीपर्यंत थांबा."

दुसऱ्या दुकानात "एकदम फायरप्रूफ!" असं छातीठोकपणे सांगितलं. मी म्हटलं, "कागद दाखवा." नोकरीत मी हे एवढ्यांदा म्हटलं होतं की माझा आवाज आपोआप तसा लागतो. कागद शोधायला गेलेला माणूस परत आलाच नाही. तिसऱ्या ठिकाणी मात्र खरंच प्रमाणपत्र निघालं. मला हायसं वाटलं. ते नीट वाचलं तर त्यात फक्त कापडाचा उल्लेख होता.

"आणि आतला फोम?" मी विचारलं.

"फोम आतच असतो ना मॅडम. दिसतो कुठे?"

त्या प्रमाणपत्रावर चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेचा फोन नंबर होता. मी तिथे फोन लावला. पलीकडे एक तरुण इंजिनिअर बाई होत्या. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"काकू, त्यांनी कापड एकटं टांगून पेटवून बघितलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या खुर्चीत कापड एकटं असतं का? खाली फोम असतो. कापड आणि फोम वेगवेगळे चांगले वागतील आणि एकत्र आले की घात करतील. म्हणून टेस्ट करायची ती सगळ्याची मिळून. वरचं कापड, मधलं अस्तर, आतला फोम, खुर्चीत असतात तसेच एकावर एक. घराबाहेरच्या गादीदार फर्निचरसाठी आपल्याकडे तसं मानकच आहे."

"माझी अभ्यासिका घराबाहेरची म्हणायची का? आमच्याच इमारतीत आहे."

"तुमच्याकडे येऊन बसणारे सगळे तुमच्या घरातले आहेत का?"

"नाही."

"मग झालं तर."

आता तशी खुर्ची बनवणारा शोधायचा होता. कुणाच्या तरी ओळखीने शहराबाहेरच्या मांजरी गावातल्या एका लहान कारखानदारांकडे गेले. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे, मध्ये त्यांची पत्र्याची शेड. ऑफिसांसाठी खुर्च्या बनवत. पन्नाशीचे, धिप्पाड, बोलायला मोकळे.

"माल चांगला हाय आमचा," ते म्हणाले. "आजवर कुणी पेटवून बघितला नाय, एवढंच."

"मग आपण बघू या."

"आणि नापास झाला तर?"

"तर दुरुस्त करून पुन्हा बसवू. आमच्याकडची मुलं तेच करतात."

ते हसले. चाचणीचा खर्च निम्मा-निम्मा करायचं ठरलं. माझी नड होती आणि त्यांच्या मालावर मी शंका घेतली होती, ती त्यांना लागली होती.

पहिल्या चाचणीला आम्ही दोघं त्यांच्या टेंपोतून गेलो. प्रयोगशाळेत काहीतरी प्रचंड असेल, धडाधड ज्वाळा असतील, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात काचेच्या दाराचं एक मोठं कपाट, वर धूर ओढणारा पंखा, आणि आत काटकोनात जोडलेल्या दोन लोखंडी चौकटी. एक बैठक, एक पाठ. भातुकलीतली खुर्चीच जणू. त्यावर आमचा फोम आणि आमचं कापड ताणून बसवलं होतं. कापड आधीच पाण्यात भिजवून वाळवून घेतलं होतं.

इंजिनिअर बाईंनी पेटलेली सिगारेट बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या खाचेत ठेवली. खुर्चीत राख, ठिणगी, जे काही पडतं ते तिथेच जाऊन अडकतं. मग आम्ही काचेतून बघत बसलो.

खूप वेळ काहीच होईना. सिगारेट संपली. तिच्या जागी तपकिरी डाग राहिला. कारखानदार माझ्याकडे बघून हसले. पण धुराची एक बारीक रेघ थांबायचं नाव घेईना. सिगारेट नव्हती, ज्वाळा नव्हती, तरी धूर येतच होता आणि हळूहळू दाट होत होता. बाई घड्याळावर नजर ठेवून होत्या. शेवटी त्यांनी फवारा मारून ते विझवलं, बाहेर काढलं आणि सुरीने मधोमध कापलं. वरून रुपयाएवढा दिसणारा डाग आत वाटीएवढा पोकळ झाला होता. कडा अजून धुमसत होत्या.

"आत चालूच होतं," बाई म्हणाल्या. "खोलीत कुणी नसताना असंच चालू राहतं, आणि मग केव्हातरी भडकतं. कापडावर आग रोखणारं औषध मारलेलं होतं, ते पाण्याने निघून गेलं. सॉरी, फेल."

आमच्या हॉलमध्ये कितीतरी खुर्च्यांच्या पोटात हीच तयारी होती आणि वर मुलं मान घालून वाचत होती.

परतीच्या वाटेवर मार्केट यार्डाजवळ ट्रकांच्या गर्दीत टेंपो अडकला तेव्हा कारखानदारांचा राग बाहेर पडला. "आधी पाण्यात बुडवायचं आन् मग पेटवायचं! हा कुठला न्याय, मॅडम?"

"आमच्याकडे रोज कुणाचा तरी चहा सांडतो," मी म्हटलं. "रोज ओल्या फडक्याने खुर्च्या पुसतात. तुमचं औषध वर्षभर टिकेल का?"

ते गिअर टाकत म्हणाले, "नाय टिकणार."

दुसऱ्या खेपेला त्यांनी फोम बदलला, आग सहज न धरणारा आणला. कापडही धाग्यातच तो गुण असलेलं घेतलं, धुऊन न जाणारं. सिगारेटची चाचणी सुरळीत पार पडली. मग दुसरी चाचणी. काडेपेटीच्या काडीएवढी ज्वाळा नळीतून त्याच खाचेला थोडा वेळ लावायची आणि काढून घ्यायची. गादीने आपली आपण विझायला हवं. कापड ज्वाळेपासून आक्रसून मागे सरलं, उघडा पडलेला फोम जळू लागला आणि दिलेल्या वेळेत काही विझेना.

कारखानदार म्हणाले, "एक तर पास झाली ना? अभ्यासिकेत कोण काडी लावतंय? चालवून घ्या की."

खरं सांगायचं तर मीही दमले होते. उन्हं चढत होती, मुलं लोखंडी खुर्च्यांवर उशा घेऊन बसत होती, आणि रोज कुणीतरी विचारत होतं, "काकू, खुर्च्या कधी?" मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, सोड आता. हे ताटातलं निवडत म्हणाले, "अर्धा पेपर सोडवला तर तुमच्या परीक्षा विभागात पास करायचे का?"

"नाही."

"मग मला काय विचारतेस?"

मी रात्रीच कारखानदारांना फोन केला आणि सांगितलं की चालवून घेणार नाही. पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. "वाटलंच होतं," ते म्हणाले. "तुमच्या त्या बाईंना फोन केलता मी. कापड आन् फोमच्या मधी एक पडदा घाला म्हणत्यात. आगीला अडवणारं अस्तर. मागवलंय."

म्हणजे त्यांनीही सोडलेलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी हे माझ्याबरोबर आले. वर्ध्याकडची मुलगीही आली, तिचा पेपर होऊन गेला होता. कारखानदारांसह आम्ही चौघं काचेसमोर उभे. सिगारेट जळून विझली, धूर थांबला. मग नवा नमुना चढवला आणि ज्वाळा लावली. कापड काळं पडलं, आक्रसलं, फाटलं. त्याखाली करड्या रंगाचं अस्तर दिसलं आणि ज्वाळा त्याला चाटत राहिली. नळी मागे घेतली. गादीवरची ज्वाळा लहान झाली, निळी झाली, कडेला सरकली आणि गेली.

मग हे पुढे झाले. "आत कापून बघा. आत चालू असतं म्हणता ना?"

"बघणारच आहे, काका," बाई म्हणाल्या. त्यांनी सिगारेटचा आणि ज्वाळेचा, दोन्ही नमुने कापले. आतला फोम कडेला थोडा पिवळट झाला होता, बाकी जसाच्या तसा. ह्यांनी त्यावर बोट ठेवून बघितलं. गार होता. कारखानदारांनी खिशातून रुमाल काढून आधी कपाळ आणि मग डोळे पुसले.

त्या मुलीने मात्र माझ्या मनातला प्रश्न विचारला. "मॅडम, पॉवर बँक म्हणजे काही सिगारेट नाही. ती तर जोरात फुटते. मग हे खुर्ची पेटणारच नाही का?"

"तसं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "मोठी आग मिळाली तर हीसुद्धा जळेल. ही परीक्षा लहान ठिणगीची आहे. पण आग हळू धरेल, हळू पसरेल, म्हणजे तुम्हाला वेळ मिळेल. चार्जिंगचं फडताळ आणि मागचं दार आहे ना तुमचं? ते काढू नका."

मला त्यांचं हे बोलणं प्रमाणपत्रापेक्षाही पटलं. "एकदम फायरप्रूफ" म्हणणाऱ्यांची मला तोवर चांगली ओळख झाली होती.

खुर्च्या आल्या. या वेळी रंग करडा, कारण अग्निरोधक कापडात निळा मिळत नव्हता. प्रत्येक खुर्चीखाली चाचणीची पट्टी शिवलेली. मुलांनी उशा घरी नेल्या आणि पहिल्याच दिवशी तक्रार केली की गादी जरा कडक आहे. ती आहेच. मी म्हटलं, महिनाभर बसा, मऊ होईल. कुणी खाली वाकून ती पट्टी वाचली नाही, आणि त्यांनी ती का वाचावी? त्यांना वाचायला दुसरं पुष्कळ आहे.

वर्ध्याकडच्या मुलीचं नाव त्या वर्षीच्या यादीत आलं नाही. ती दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेली होती. अंगठ्याजवळचा डाग आता गुलाबी झाला आहे, पेन धरताना खुपत नाही म्हणते. मांजरीचे कारखानदार आता तीन थरांची गादी मागेल त्याला करून देतात आणि न मागणाऱ्यालाही मागायला लावतात. कापड पाण्यात बुडवण्याची हकीकत गिऱ्हाइकांना स्वतःच सांगतात, आणि हल्ली त्यांना तो न्याय अगदी बरोबर वाटतो.

माझं मात्र भागलं नाही. आमच्या गल्लीत, शेजारच्या पेठांत, सदाशिवात, शनिवारात अभ्यासिकाच अभ्यासिका आहेत. काही तिसऱ्या मजल्यावर, एकच जिना, खिडक्यांना गज. सगळीकडे त्याच मऊ, निळ्या गाद्या. म्हणून शनिवारी दुपारी मी आणि ती मुलगी एकेका ठिकाणी जातो. बहुतेक मालक ओळखीचे आहेत, पाणी विचारतात, ऐकून घेतात. दोघांनी खुर्च्या बदलल्या. एकाने निदान चार्जिंग भिंतीकडे नेलं.

गेल्या शनिवारच्या मालकांनी आमचं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "वहिनी, आग तुमच्याकडे लागली होती. आमच्याकडे अजून लागलेली नाही."

"लागायच्या आधीच आले मी," मी म्हटलं.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर पुढच्या शनिवारी येईन."

ती मुलगी माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "आणि नंतरच्याही, काका. आम्हाला सवय आहे पुन्हा पुन्हा बसायची."

त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. मग उठून आतल्या खोलीतून एक खुर्ची आणली, आमच्यासमोर उलटी ठेवली आणि म्हणाले, "बरं, दाखवा. काय बघायचं असतं?"